अकरावा नग

आमच्या घरात कुणाला ताप आहे का, हे पाहायला आईला थर्मामीटर लागत नाही. ती पालथा हात कपाळावर ठेवते, क्षणभर डोळे मिटते आणि निकाल देते, "कणकण आहे थोडी. दही खाऊ नकोस." गेलं वर्षभर ती हाच पालथा हात दिवसातून दोनदा माझ्या ॲम्प्लिफायरवर ठेवते आहे. तिथेही निकाल तसाच, एका दमात : "चालूच राहिलाय रे हा."

हा ॲम्प्लिफायर मी स्वतः बनवला आहे. हे वाक्य इस्त्रीवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांना ऐकवून झालं आहे, तेव्हा तुम्हीही सुटणार नाही. मी कॉमर्सचा पदवीधर. उभी हयात दुसऱ्यांचे हिशोब तपासण्यात गेली. विजेशी माझं नातं बिल भरण्यापुरतं आणि दिवे गेले की 'समोरच्या बिल्डिंगचेही गेलेत का' हे गॅलरीतून पाहण्यापुरतं. पण घरातली जुनी म्युझिक सिस्टिम वारली आणि तिचे दोन स्पीकर धडधाकट मागे राहिले. कोपऱ्यात शेजारी शेजारी बसून ते माझ्याकडे बघत. कुणीतरी म्हणालं, "४४४० चं किट आण, दोन तासांत होतं." मला बावीस दिवस लागले. पण झालं.

४४४० म्हणजे एलए ४४४०, सान्यो या जपानी कंपनीची चौदा पायांची आयसी. लॅमिंग्टन रोडवर तिला पूर्ण नावाने कुणी हाक मारत नाही. तिथे ती 'चवालीस चालीस'. बारा-तेरा व्होल्ट दिले की दोन्ही बाजूंना सहा-सहा वॉट काढते आणि फारसे नखरे करत नाही. गाडीतल्या टेपमध्ये पुष्कळ वर्षं नांदलेली असल्यामुळे खड्डे, धूळ, ऊन, आणि माझ्यासारखा माणूस, सगळं सोसायची तिला सवय आहे. जोडीला बारा-शून्य-बारा ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड, चार हजार सातशेचा एक जाडजूड कंडेन्सर आणि ॲल्युमिनियमचं हीटसिंक. हे सगळं बसवायला खोका हवा होता. माळ्यावर पहिल्या रंगीत टीव्हीचा स्टॅबिलायझर पडून होता. त्याची आतडी काढून मी भंगारवाल्याला दिली आणि पत्र्याच्या त्या खोक्यात माझा संसार मांडला. ज्या दिवशी त्यातून विविधभारती वाजली, त्या दिवशी मी घरात पेढे आणले. आईने एक देवापुढे ठेवला, एक खोक्यावर.

सगळं छान होतं. फक्त खोक्याच्या दर्शनी बाजूला एक भोक होतं.

स्टॅबिलायझरचा निऑनचा दिवा तिथे असायचा. शेंदरी रंगाचा, किंचित थरथरणारा, थेट घरच्या विजेवर वर्षानुवर्षं जळणारा. 'जुनाट' म्हणून मीच तो पहिल्या दिवशी उपटून भंगारात दिला होता. आता तिथे करंगळीएवढं काळं भोक राहिलं. बायको म्हणाली, "पुढचा दात पडल्यासारखं दिसतं." येणारे-जाणारे माझ्या बावीस दिवसांच्या कष्टांकडे पाहायचेच नाहीत. आवाज ऐकायचे, मान डोलवायचे आणि भोकाकडे बोट करून विचारायचे, "इथे काय होतं?" एकदा पाहुणे बसलेले असताना त्या भोकातून झुरळाच्या दोन मिशा बाहेर आल्या, स्टीरिओमध्ये हलल्या आणि आत गेल्या. पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला.

तरीही मी निभावून नेलं असतं. पण मे महिन्यात आम्ही तीन दिवस साताऱ्याला लग्नाला गेलो. परत आल्यावर आईने चपला काढायच्या आधी खोक्यावर पालथा हात ठेवला. "तीन दिवस चालू होता बिचारा," ती अशा सुरात म्हणाली की जणू मी गोठ्यात गाय उपाशी बांधून गेलो होतो. मी हिशोब मांडून दाखवला : काही वाजत नसताना हा फार तर पाच वॉट खातो, तीन दिवसांचे बहात्तर तास, म्हणजे अर्धं युनिटसुद्धा झालं नाही. घरातल्या तिघीही माझ्या हिशोबाकडे नेहमीच्याच नजरेने पाहत राहिल्या. शेवटी मुलगी म्हणाली, "पण बाबा, तो चालू आहे हे कळायचं कसं? एक दिवा लाव ना."

एक दिवा. एक एलईडी आणि एक रेझिस्टन्स. ज्या माणसाने चौदा पायांची आयसी जागेवर बसवली, त्याला दोन पायांचा दिवा काय जड? "रविवारी लावून टाकतो," मी म्हणालो. लावून टाकतो! क्रियापदाच्या मागे 'टाकतो' लागलं की नियती कान टवकारते, हे मला पन्नाशी जवळ आली तरी कळलेलं नाही.

पहिला प्रश्न रंगाचा. मी म्हटलं लाल. लाल हा दिव्यांचा मूळ रंग. बायको म्हणाली, "लाल म्हणजे बंद. आपल्या टीव्हीचं तसंच आहे ना? बंद केला की लाल लागतो." मी म्हटलं, मग हिरवा. मुलगी म्हणाली, "हिरवा मोबाइल चार्जरला असतो." पिवळा आईला आवडेना, कारण पिवळा म्हणजे सिग्नलचा, धड थांब नाही धड जा नाही. उरला निळा. त्याच्याविरुद्ध कुणाकडे काही नव्हतं, म्हणून तो निवडून आला. आपल्याकडे बहुतेक निवडी अशाच होतात.

डोंबिवलीहून दादरपर्यंत माझा पास आहेच. दादरला पूल ओलांडायचा, पुढे ग्रँट रोडचं पाच रुपयांचं तिकीट. लॅमिंग्टन रोडचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॉर्ड लॅमिंग्टन १९०७ मध्येच मुंबईची गव्हर्नरकी सोडून गेले, पण टॅक्सीवाल्यांच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या तोंडून अजून गेलेले नाहीत. तिथल्या एका चार फुटी दुकानासमोर मी उभा राहिलो. काउंटरवरचा पोरगा मुलीच्याच वयाचा असेल. मान खाली, हात ड्रॉवरमध्ये.

"एलईडी पाहिजे. ब्ल्यू."

"थ्री एमएम, फाइव्ह एमएम? क्लिअर, मिल्की?"

मी विचारात पडलो. रंगाची निवडणूक इतक्या चुरशीने पार पडली होती, पण असा उपप्रश्न येईल हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. "क्लिअर," मी म्हणालो. काहीही क्लिअर असलेलं बरं, असा माझा ऑडिटमधला अनुभव.

"कितना दूँ?"

"एक."

आता त्याने पहिल्यांदा मान वर केली. "एक पाकीट?"

"एक नग."

त्याने माझ्याकडे, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "अंकल, दस के नीचे नहीं आता." मी दहा घेतले. वीस रुपये झाले. त्याने न विचारताच सल्लाही दिला, "होल्डर भी ले लो. होल कितना है?" मी करंगळी पुढे केली. "इतका." तो दोन सेकंद माझ्या करंगळीकडे पाहत राहिला. "अंकल, उँगली का साइझ सबका अलग आता है." तरी त्याने एक चकचकीत होल्डर दिला. मागे वळताना मी सहज सांगितलं, की पूर्वी तिथे निऑन होता. "वो निकाला क्यूँ?" तो म्हणाला, "वो तो अच्छा था."

परतीच्या गाडीत मी ती पुडी खिशातून काढून पाहिली. तांदळाच्या दाण्यांपेक्षा थोडे मोठे, पाण्यासारखे स्वच्छ दहा दिवे. डोळ्यांना दिसेल असा लाल एलईडी निक होलोनयाक यांनी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९६२ साली बनवला. त्यानंतर हिरवा आला, पिवळा आला, निळा मात्र कुणाला नीट जमेना. गॅलियम नायट्राइड नावाचं एक हट्टी द्रव्य स्फटिकासारखं वाढवायचं होतं. त्यात तीस वर्षं गेली. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघा जपान्यांनी ते जमवलं आणि त्याबद्दल त्यांना २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तीन माणसांची उमेदीची वर्षं आणि एक नोबेल, आणि माझ्या हाती ते दोन रुपयांना एक या भावाने पडलं होतं. मला भरून आलं. घाटकोपरला चढलेल्या गर्दीत पुडी हातातून सुटली आणि त्या नोबेलविजेत्यांना मी एका काकूंच्या कोथिंबिरीच्या जुडीतून वेचून काढलं. दहाच्या दहा मिळाले. हा त्यांच्या आयुष्यातला शेवटचा सुखाचा प्रसंग.

रविवारी सकाळी मी गॅलरीत टेबल मांडलं. सोल्डरिंग आयर्न, कथलाची तार, पेस्टची डबी, पकड. बायकोने टेबलावरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून घेतलं. मागच्या वेळी त्याला भोक पडलं होतं. कागदावर मी गणित केलं. कंडेन्सरवर सोळा व्होल्ट. निळा दिवा स्वतः तीन खातो. उरले तेरा. दिव्यातून दहा मिलिॲम्पिअर जायला हवेत, म्हणजे तेराशे ओहम. घरात एक हजाराचे होते, तेरा मिलिॲम्पिअर जातील, चालतंय. ओहमचा नियम इतका सोपा आहे की तो वापरताना आपण शास्त्रज्ञ असल्यासारखं वाटतं. मी कागदाखाली दोन रेघा मारल्या. ताळेबंद जुळला की मारतो तशा.

पहिला नग मी तारांच्या चिमट्यांनी जोडला. लागला नाही. एलईडीला उलट-सुलट असतं : लांब पाय अधिकाकडे, आखूड उणेकडे. मला हे पाठ होतं. पण जोडण्याआधी सुबक दिसावेत म्हणून मी दोन्ही पाय पकडीने एकसारखे कापले होते. उलट दिशेने पाच व्होल्टच्या पुढे सहन करायची या दिव्यांची तयारी नसते, मी त्याला सोळा दिले होते. नंतर सुलटा करून पाहिला, पण त्याने माझ्याशी संबंध तोडला होता.

दुसरा नग पाय वाकवताना मुळापासून तुटला. याबद्दल जास्त काही सांगण्यासारखं नाही.

तिसऱ्याच्या वेळी संध्याकाळ झाली होती. गॅलरीतला दिवा पिवळा. रेझिस्टन्सच्या अंगावर रंगाचे पट्टे असतात, त्यावरून त्याचा आकडा वाचायचा. तपकिरी-काळा-तांबडा म्हणजे एक हजार. तपकिरी-काळा-तपकिरी म्हणजे शंभर. तांबडा आणि तपकिरी या दोन रंगांतला फरक पिवळ्या उजेडात, चाळिशी घरात कुठेतरी ठेवलेली असताना, मला किती कळावा? खात्री करायला मल्टिमीटर होता. त्याची बॅटरी संपली होती. कारण महिन्यापूर्वी वापरून मी तो बंद करायला विसरलो होतो. त्यालाही चालू असल्याचा दिवा नाही.

मी बटण दाबलं. गॅलरीत एक निळा सूर्य उगवला. तिन्ही जपान्यांना बघायला आवडलं असतं इतका तेजस्वी. मी "अगं बघ!" म्हणून हाक मारली. बायको दारापर्यंत येईतो सूर्य जांभळट झाला, मिणमिणला आणि विझला. करपलेल्या पापडासारखा वास सुटला. तेरा मिलिॲम्पिअरऐवजी त्याच्यातून शंभराच्या वर गेले होते.

"काय बघू?" तिने विचारलं.

"होता," मी म्हणालो.

खराब नग असावा, असा मी निष्कर्ष काढला. बाजारात हल्ली माल असाच येतो. म्हणून चौथा नग मी त्याच रेझिस्टन्सला, त्याच चिमट्यांनी जोडला. पुन्हा सूर्य, पुन्हा पापड. या वेळी रेझिस्टन्सही हाताला चटका देण्याइतका तापला, तेव्हा कुठे मी आत जाऊन चाळिशी शोधली. पाचवा नग खाली पडला आणि टणाटण उड्या मारत कपाटाखाली गेला. रात्री अकरा वाजता मी गॅलरीत पालथा पडून मोबाइलच्या उजेडात कपाटाखाली हात फिरवत होतो. बायको झोपायला निघाली होती. तिने दाराशी थांबून विचारलं, "किती राहिले?"

"पाच. दहा नग होते."

"अकरा," ती म्हणाली आणि दिवा मालवून गेली.

दुसऱ्या रविवारी सहावा नग नवी चाळिशी, नवी बॅटरी आणि खऱ्याखुऱ्या एक हजार ओहमसह टेबलावर लागला आणि लागलेलाच राहिला. मी पंधरा मिनिटं नुसता त्याच्याकडे पाहत बसलो. आता तो खोक्यात बसवायचा. करंगळीच्या मापाने आणलेला होल्डर भोकातून आरपार आत गेला. त्याला नळाचा वायसर लावला, तेव्हा तो अडकला. तारा जोडायच्या होत्या त्या कंडेन्सरला. पण कंडेन्सर बोर्डावर, बोर्डाच्या खालच्या बाजूला पोचायचं तर चार स्क्रू काढायचे, हीटसिंक सोडवायचं. आणि इथे, दिव्याच्या शेजारीच, दोन इंचांवर ट्रान्सफॉर्मरची तार होती आणि एक इंचावर व्हॉल्यूमच्या बटणाचं अर्थिंग. ट्रान्सफॉर्मरकडून एक डायोड घालून अधिक घेतलं, व्हॉल्यूमच्या अर्थिंगला उणे डकवलं. पाच मिनिटांत काम. चार स्क्रू वाचले.

खोका बंद केला, बटण दाबलं. दिवा लागला. घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्या टाळ्या थांबल्यावर स्पीकरमधून एक सूर ऐकू यायला लागला. घूंऽऽऽ.

गाणं लावलं तर गाण्यामागे घूं. गाणं थांबवलं तर नुसतीच घूं. व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी घूं. आई देवघरातून म्हणाली, "कोण रे रियाजाला बसलंय?" मी इनपुटची वायर बदलली. स्पीकरच्या तारा बदलल्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला. फ्रिज बंद केला. चार दिवस रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी एकेक संशयित पकडून आणायचो आणि पुराव्याअभावी सोडून द्यायचो.

शेजारच्या काकांना पेटीचा नाद आहे. ते एक दिवस पेटीच घेऊन आले, स्पीकरपाशी मांडी घालून बसले, डोळे मिटले आणि एकेक पट्टी दाबत गेले. "पांढरी पाच," ते म्हणाले, "पण जराशी चढी आहे." त्यांच्या चेहऱ्यावर दाद होती. मी नंतर आकडा काढला. पांढरी पाच म्हणजे पाश्चात्त्यांचा जी. खर्जात त्याची कंपनं सेकंदाला ४९, त्याच्या वरच्या सप्तकात ९८. आणि आपल्या घरची वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते; तिची दुप्पट १००. म्हणजे पांढऱ्या पाचच्या अगदी किंचित वर. काकांचा कान वीज मंडळाइतका अचूक होता. त्यांनी त्या घूं वर भूपाचा एक छोटासा आलापही घेतला. "तानपुऱ्याची सोय झाली तुमच्याकडे," असं म्हणून ते पेटी घेऊन गेले. मला ही दाद नेमकी कुठल्या खात्यात जमा करावी ते कळेना.

"दिवा लावण्याआधी नव्हता रे हा आवाज," आई भाजी निवडता निवडता म्हणाली.

मी तिला समजावलं, "आई, दिव्याला आवाज नसतो."

"नसेल बाई," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी मी थकून दिव्याची तार कापली. घूं थांबली. घरभर इतकी शांतता पसरली की आईने देवघरातून नुसतं वळून पाहिलं. बोलली काही नाही. ते न बोलणं मी आजही विसरलेलो नाही.

झालं होतं ते असं. दिव्याकडे जाणारी वीज परत येताना व्हॉल्यूमच्या अर्थिंगच्या त्या बारीक तारेतून येत होती, आणि गाण्याचा नाजूक सिग्नलही त्याच तारेला शून्य समजून चालला होता. दिव्याचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा धक्के देत होता. सिग्नलच्या पायाखालची जमीन तेवढ्याच वेळा हलत होती. आयसीला काय ठाऊक कुठलं गाणं आणि कुठला धक्का? ती बिचारी इमानाने दोन्ही शेकडो पटींनी वाढवून स्पीकरला देत होती. चार स्क्रू वाचवायला मी गाणाऱ्याच्या गाद्यागिरद्यांवर पिठाची गिरणी बसवली होती.

तिसऱ्या रविवारी चारही स्क्रू काढले. हीटसिंक सोडवलं. दिव्याच्या दोन्ही तारा थेट मोठ्या कंडेन्सरच्या पायांना लावल्या. दिवा लागला, घूं नाही. मी खोका बंद केला आणि शेवटचा स्क्रू आवळताना शिट्टी वाजवत होतो, असं मुलगी सांगते.

रात्री आम्ही झोपायला गेलो आणि अर्ध्या तासाने आईची हाक आली. "अरे, खाली पोलिसांची गाडी आलीय का बघ."

मी धावत हॉलमध्ये गेलो. आई हॉलमधल्या दिवाणावर झोपते. अख्खा हॉल निळा झाला होता. पंखा निळा, भिंत निळी, कॅलेंडरावरचा बालाजी निळा, फिशटँकमध्ये राहायला आल्यासारखं सगळं. क्लिअर दिवा उजेड पसरू देत नाही, टॉर्चसारखा एकाच दिशेला फेकतो, हे दुकानातल्या पोराने विचारलेल्या 'क्लिअर, मिल्की?' या प्रश्नाचं उत्तर होतं. आणि माझ्या दिव्याची ती एकच दिशा बरोब्बर आईच्या उशीवर होती. मी झोपण्याआधी रेडिओ लावून बटण बंद करायचं विसरलो होतो. म्हणजे दिवा आपलं काम चोख करत होता. 'मी चालू आहे' हे तो आईच्या बंद पापण्यांतून आत शिरून सांगत होता.

मी बटण बंद केलं. दिवा लागलेलाच. मी पुन्हा चालू-बंद केलं. दिवा लागलेलाच. मी प्लग उपसून हातात घेतला, तार माझ्या हातात लोंबत होती आणि दिवा मंद निळा जळतच होता. आई उठून बसली. "बाबा रे, विजेशिवाय जळतोय," ती कुजबुजली आणि तिने हात जोडले. मोठ्या कंडेन्सरमध्ये साठलेली वीज सावकाश दिव्यातून निथळत होती, त्यामुळे बंद केल्यावरही तो आठ-दहा सेकंद मालवत मालवत जायचा. ट्रान्सफॉर्मरला जोडला होता तेव्हा असं होत नव्हतं, तेव्हा घूं होती. आता घूं नव्हती, तर चालू असताना 'चालू' आणि बंद असतानाही थोडा वेळ 'चालू' सांगणारा दिवा होता. हे सगळं मी रात्री पाऊण वाजता प्लग हातात धरून आईला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "बरं. पण तो डोळ्यांत मारतो," ती म्हणाली.

उपाय सोपा होता. एक हजाराच्या जागी दहा हजारांचा रेझिस्टन्स घातला की प्रवाह सव्वा मिलिॲम्पिअरवर येतो, आणि हल्लीच्या दिव्यांना तेवढा पुरतो. हे आधी कळलं असतं तर! पण त्यासाठी पुन्हा चार स्क्रू, हीटसिंक, आयर्न, रविवार. मी सकाळी तसं जाहीर केलं. "या रविवारी दहा हजाराचा लावून टाक..." माझं क्रियापद अर्ध्यावर असताना बायको आरशासमोरून उठली. आमच्या आरशाच्या कडेला तिच्या जुन्या टिकल्या चिकटवलेल्या असतात, रोज रात्री काढून ठेवलेल्या. त्यातली एक मोठी, मरून रंगाची मखमली टिकली तिने नखाने उचलली, हॉलमध्ये आली आणि दिव्यावर दाबून बसवली.

झालं. तेरा मिलिॲम्पिअरचा तो नोबेलविजेता सूर्य टिकलीमागे गेला. कडेने केसाएवढी निळी रेघ तेवढी राहिली, ग्रहणातल्यासारखी. ढोलकीचा जोरकस ठेका आला की ती रेघ जराशी आक्रसते, कारण आयसी तेव्हा वीज जास्त ओढते आणि दिव्याच्या वाट्याला कमी येते. हे फक्त मलाच दिसतं. मी ते मुद्दाम कुणाला दाखवायला जात नाही. दोनदा गेलो होतो.

वीस रुपयांचे दिवे, होल्डर, एक नळाचा वायसर, तीन रविवार, पाच शहीद, कपाटाखालच्यासकट. चार नग अजून पुडीत शिल्लक आहेत. बायको ते हिशोबात धरत नाही, ती फक्त अकराव्याबद्दल बोलते. टिकलीचा गोंद आठवड्याभरात सुकतो. मग आरशावरची दुसरी टिकली खोक्यावर येते. कधी मरून, कधी हिरवी, लग्नसराईत तर खडेवाली. त्यामुळे आता आमच्याकडे ॲम्प्लिफायर चालू आहे का हे दिव्यावरून कळत नाही, पण घरात एवढ्यात कुठलं कार्य झालं ते कळतं.

परवा साताऱ्याचेच पाहुणे आले होते. रेडिओ ऐकला, मान डोलवली आणि बोट पुढे केलं. "ॲम्प्लिफायरला टिकली कशाला?" मी खुर्चीत सावरून बसलो. ओहमपासून सुरुवात करावी की होलोनयाकपासून, असा विचार करत होतो, तेवढ्यात आईने खोक्यावर पालथा हात ठेवला, डोळे मिटले, उघडले.

"त्याने स्वतः केलाय ना," ती म्हणाली, "म्हणून तीट लावलीय. चालू आहे हं."